आधार, केवायसी, पडताळणी: तुमचे स्वतःचे अनुभव इथे लिहा

गोव्यात राहणाऱ्या आणि गोव्यातून बाहेर गेलेल्या सगळ्यांसाठी हा धागा काढतोय. आधार, रेशनची केवायसी, भाडेकरूंची पोलीस पडताळणी, नाक्यावरचे कॅमेरे, चेहरा दाखवून विमानतळात शिरणं, हे सगळं इतकं अंगवळणी पडलंय की कोणी कार्ड मागितलं की आपण खिशात हात घालतो, कशाला हवंय ते विचारत नाही. मला वाटतं विचारायला पाहिजे.

थोडं मागचं सांगतो, नवीन मुलांना माहीत नसतं. सप्टेंबर २०१० मध्ये नंदुरबारच्या टेंभली गावात पहिला आधार नंबर दिला तेव्हा हे ऐच्छिक आहे असंच सांगितलं जायचं. मग २०१६ ला कायदा आला, तोही मनी बिल म्हणून, म्हणजे राज्यसभेला अडवायची सोयच नाही. ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, आणि २६ सप्टेंबर २०१८ ला चार विरुद्ध एक असा निकाल लागला की आधार चालेल, सरकारी अनुदानाला आणि पॅनला लागेल, पण बँक खातं, सिम कार्ड आणि शाळाप्रवेश यांना सक्ती करता येणार नाही. न्यायमूर्ती चंद्रचूड एकटे वेगळे गेले, त्यांनी अख्खा कायदाच घटनाबाह्य ठरवला होता.

कार्डाच्या बाजूचं लिहा, विरुद्ध लिहा, दोन्ही हवंय. फक्त नंबर, पत्ते आणि ऑफिसांची नावं टाकू नका.

डिचोलीची लेक

माझी आई लग्नाआधीपासून काजू फॅक्टरीत आहे. ज्यांनी बिया फोडणाऱ्या बायकांचे हात पाहिलेत त्यांना सांगायला नको, बियांचं तेल लागून कातडी भाजते, सोलवटते, राख लावा नाहीतर खोबरेल लावा, बोटांवरच्या रेषा काही राहत नाहीत. तर रेशनच्या मशीनवर तिचं बोट लागत नाही. एक बोट, दुसरं बोट, अंगठा, दुकानदार म्हणतो, "मावशी, हात स्वच्छ धुऊन सांजेर ये". माणूस वाईट नाही, लहानपणापासून ओळखतो आम्हाला, पण त्याच्या हातात काही नाही.

मला राग कशाचा येतो सांगू का, आई घरी येऊन लिंबू लावून हात घासत बसायची. तिला वाटायचं तिचंच काहीतरी चुकलंय. मागे रांगेत शेजारणी उभ्या, सगळ्यांसमोर मशीन लाल दिवा दाखवतं आणि ही मान खाली घालून पिशवी तशीच घेऊन परत. आयुष्यभर घाम गाळून त्याच कामाने बोटं गेली आणि आता तीच बोटं नाहीत म्हणून तांदूळ नाही.

शेवटी एकाने सांगितलं की डोळ्यांच्या स्कॅनने पण होतं, पण त्या दुकानात ते यंत्रच नव्हतं. मग मी शोधाशोध केली. २०१७ ला झारखंडच्या सिमडेगात संतोषी नावाची अकरा वर्षांची मुलगी गेली, घरचे सांगत होते की आधार जोडलं नाही म्हणून रेशन बंद झालं होतं आणि ती भुकेने गेली, सरकारने ते मानलं नाही. त्यानंतर ऑक्टोबर २०१७ मध्ये केंद्राच्या अन्न खात्याने राज्यांना लेखी कळवलं की बोट लागलं नाही किंवा आधार नाही म्हणून कोणाचं धान्य अडवू नका, दुसरं ओळखपत्र बघून वहीत नोंद करा आणि द्या. ते पत्र छापून दुकानात नेलं, त्या दिवशी वहीत सही घेऊन तांदूळ मिळाला. ज्यांच्या घरी वाचणारं कोणी नाही त्यांनी काय करायचं?

काणकोणकर

@डिचोलीची लेक, ते पत्र आमच्या वाड्यावर पण छापून लावतो.

आमचा त्रास नावाचा. बाबांचा जन्म पोर्तुगीज काळातला, त्या नोंदवहीत आमचं नाईक आडनाव शेवटी क्यू-यू-ई लावून लिहिलंय. शाळेच्या दाखल्यावर साधं स्पेलिंग. आधार काढताना सेंटरवरच्या पोराने वडिलांचं नाव मधे घातलं, जन्मदाखल्यावर ते नाहीच. झाली तीन माणसं. इतकी वर्षं कोणाला अडचण नव्हती कारण पंचायतीतला माणूस बाबांना चेहऱ्याने ओळखायचा, आता कॉम्प्युटर दोन अक्षरं जुळवतो, जुळली नाहीत की पेन्शनचा अर्ज परत. गोव्यात नाव बदलायचा १९९० चा वेगळा कायदा आहे, ऍफिडेव्हिट करा, जाहिरात द्या, गॅझेटमध्ये छापून आणा. बाबांचा प्रश्न एवढाच की मी नाव बदललेलंच नाही तर बदललं म्हणून अर्ज का करू. बाबांच्या पिढीतल्या निम्म्या गोंयकारांची हीच रड आहे, कामत, देसाई, गावकर सगळ्यांची.

सावंतवाडी ते पर्वरी

मी दुसरी बाजू मांडतो. मी सिंधुदुर्गातून कामाला आलो तेव्हा हातात एकच कागद होता, आधार. लाईट बिल नाही, भाडेकरार नाही, ओळखीचा कोणी नाही. त्या एका कार्डावर बँकेत खातं उघडलं, पगार खात्यात यायला लागला, कंत्राटदाराच्या हातातून सुटलो. गावाकडच्या माणसाला एक असं ओळखपत्र मिळालं जे मडगावात पण चालतं आणि मुंबईत पण, ही लहान गोष्ट नाही, कार्डाला नावं ठेवताना हे विसरू नका.

पण पोलीस पडताळणीबद्दल मात्र मनापासून वाईट वाटतं. नियम सगळ्या भाडेकरूंना आहे. आमच्या बिल्डिंगमध्ये दिल्लीहून आलेले, घरून लॅपटॉपवर काम करणारे दोघं आहेत, त्यांना मालकाने फॉर्म दिलाच नाही. मागच्या चाळीत बांधकामावरची पोरं राहतात, कर्नाटक, ओडिशाची, त्यांना रात्री उठवून कागद बघितले. चोरीमारी वाढलीय, तपास व्हायलाच हवा, मला मान्य आहे. पण मग सगळ्यांचा व्हावा.

कळंगुटला रिसेप्शनवर

परदेशी पाहुणा आला की २४ तासांत फॉर्म सी, म्हणजे त्याची माहिती सरकारला कळवायचा फॉर्म, ऑनलाईन भरायचा असतो, ते कायद्याने आहे. भारतीय पाहुण्यांकडून मात्र लोक सरसकट आधारची झेरॉक्स घेतात आणि ती फाईल कुठे जाते कोणी बघत नाही. माझं ऐका, मास्क्ड आधार डाउनलोड करा, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. नाहीतर लायसन्स द्या, चालतं. आणि आधारच्या ऍपमधून बायोमेट्रिक लॉक करून ठेवा, पाच मिनिटांचं काम आहे. मे २०२२ मध्ये झेरॉक्स कुठेही देऊ नका अशी सरकारी सूचना आली होती आणि दोन दिवसांत मागे घेतली, लोक बिचारे गोंधळलेलेच राहिले.

बेतूलचा

२६/११ ला अतिरेकी मच्छीमारी बोट पळवून मुंबईत आले, तेव्हापासून किनाऱ्यावरच्या मच्छीमारांना वेगळं बायोमेट्रिक कार्ड. माझी तक्रार नाही. समुद्रात कोस्ट गार्डने बोट थांबवली की कार्ड दाखवलं आणि मोकळं. तिथे कारण समजतं, कोण विचारतंय ते समोर दिसतं. जमिनीवर आलो की तेच बोट पुन्हा दहा ठिकाणी कशाला द्यायचं ते मात्र कोणी सांगत नाही.

स्विंडनहून

आजोबांचा जन्म १९६१ च्या आधीचा, गोवा पोर्तुगीजांकडे होता तेव्हाचा, त्यामुळे आम्ही लिस्बनला नोंदणी करून पोर्तुगीज पासपोर्टवर इथे इंग्लंडला आलो, स्विंडन शहरात आता गोंयकारांची मोठी वस्ती आहे. इथलं सांगतो कारण इथे लोक या विषयावर खरंच उठतात. युद्धाच्या वेळी १९३९ ला ब्रिटनमध्ये ओळखपत्र आलं, युद्ध संपलं तरी चालूच राहिलं. १९५० ला क्लॅरेन्स विलकॉक नावाच्या गाडीवाल्याने पोलिसाला कार्ड दाखवायला नकार दिला, कायद्याप्रमाणे केस हरला, पण शिक्षा झाली नाही आणि वरच्या न्यायाधीशांनीच युद्धाचा कायदा असा वापरण्यावर टीका केली. १९५२ ला कार्ड बंद. परत २००६ ला कायदा आणला, सरकार बदललं, २०१० ला तो रद्द केला आणि जमवलेल्या माहितीच्या हार्ड डिस्क अक्षरशः तुकडे करून टाकल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये पंतप्रधान स्टार्मर यांनी नोकरीसाठी डिजिटल आयडी सक्तीचा करणार म्हणून जाहीर केलं तर विरोधाच्या अर्जावर २५ लाखांच्या वर सह्या झाल्या.

आम्हा बाहेरून आलेल्यांना मात्र हे सगळं आधीपासूनच आहे. आमचा राहायचा हक्क फक्त ऑनलाईन, हातात कार्ड नाही. घर भाड्याने घेताना, नोकरी बदलताना शेअर कोड, म्हणजे समोरच्याला आमचा हक्क ऑनलाईन तपासता येईल असा कोड, काढून द्यायचा. एकदा साईट चालत नव्हती आणि नवीन नोकरीचा पहिला दिवस होता, मॅनेजर चांगला होता म्हणून थांबला. सह्या करणाऱ्या इंग्रज शेजाऱ्याला मी हे सांगितलं तर त्याला ठाऊकच नव्हतं. पहिला प्रयोग नेहमी परक्यांवर आणि गरिबांवर होतो, ही गोष्ट दोन्ही देशांत सारखी दिसली मला.

फोंड्याहून, वय ८० पार

पोरांनो, गोवा मुक्तीच्या आधी, पोर्तुगीजांच्या राज्यात, इथे लग्नाची पत्रिका छापायची तरी सेन्सॉरकडून पास करून घ्यावी लागायची. घरी महाराष्ट्रातून कोणी वर्तमानपत्र आणलं की आई आधी खिडक्या लावायची. परक्या माणसासमोर शब्द तोलून बोलायचं, ती सवय १९६१ नंतरही कितीतरी वर्षं गेली नाही. आज आपण मत देतो, कोर्टात जातो, त्या राजवटीची आणि आजची बरोबरी मी करत नाही. पण परवा नातू म्हणाला की आजोबा, फोनवर सरकारबद्दल असं बोलू नका, आणि मला फार वाईट वाटलं. त्याला कोणी धमकावलेलं नाही. त्याने आपणहून आवाज खाली केला.

म्हापशाचा बाबा

मुलीच्या शाळाप्रवेशाला आधार नाही तर फॉर्म घेणार नाही म्हणाले. भांडलो नाही. २०१८ च्या निकालातला शाळाप्रवेशाचा परिच्छेद छापून नेला होता, तो पुढे ठेवला आणि म्हटलं, मॅडम, नाही म्हणत असाल तर तेवढं लिहून द्या. त्या आत गेल्या, मुख्याध्यापकांशी बोलल्या आणि जन्मदाखल्यावर फॉर्म घेतला. लिहून द्या म्हटलं की बराच फरक पडतो, रेशन दुकानात पण करून बघा. परिच्छेद ज्यांना हवाय त्यांनी सांगा, मराठीत साधा करून टाकतो.