माळ्यावरचे बूट : तुमच्या पायांचेही अनुभव येऊ द्या

अमळनेरकर
कानबाईचा सण आठ दिवसांवर आला म्हणून माळ्यावरची पितळी भांडी उतरवत होतो. मोठ्या परातीमागे एक खोकं सापडलं, आत माझे बूट. नऊ वर्षांपूर्वी पुण्यात नोकरीला होतो, पहिली पगारवाढ झाली त्या आठवड्यात घेतलेले. घोट्यापर्यंत येणारे, कातडी. घरी किंमत निम्मीच सांगितली होती. तोरणमाळला एकदा आणि पाटणादेवीला दोनदा घातले असतील. मग "चांगले आहेत, जपून वापरू" म्हणून वर गेले ते गेलेच.

कातडं अजून नव्यासारखं. हौसेनं चढवले, ओसरीवरून अंगणात चार पावलं टाकली, मागे वळून बघतो तर फरशीवर काळे तुकडे सांडलेले. टाचेवर अंगठा दाबला, तो सरळ आत गेला. भिजवलेल्या सरकीच्या ढेपेत जातो तसा. सौ. झाडू घेऊन उभीच होती. म्हणे, "हेच का ते जपून ठेवलेले?"

तिथेच बसून तोरणमाळ आठवलं. सीताखाईच्या बाजूला उतरताना बरोबरचा पावरा पोरगा रबरी स्लीपरवर पुढे पुढे जायचा आणि दर वळणावर थांबून माझ्या बुटांकडे बघायचा. काही बोलला नाही बिचारा.

आता नवे घ्यायचेत. रोज शाळेत उभं राहून शिकवायचं, रविवारी शेतात चक्कर, वर्षातून दोन-तीनदा डोंगर. या सगळ्याला एकच जोड चालतो का? दुकानदाराचं नको, तुमच्या पायांचं सांगा.

पाईपवाला
सर, तुमचा सोल पॉलियुरेथेनचा होता. हवेतल्या दमटपणानं त्याच्या रेणूंच्या साखळ्या तुटत जातात, हायड्रोलिसिस म्हणतात त्याला. उष्णतेनं ते काम भराभर होतं. पत्र्याखालचा माळा, मे महिन्यात आपल्याकडे ४५ अंश, लगेच जूनपासून ओल. वर्षानुवर्षं हेच चालू. बूट वापरा नाहीतर पडून ठेवा, सोलचं वय होतच असतं. वरचं कातडं त्यात सामील नसतं, म्हणून माणूस फसतो.
नवे घेताना खाली रबर आणि मधला थर ईव्हीएचा, म्हणजे हलक्या फोमचा, आहे का ते विचारा. ईव्हीए कालांतरानं दबून चपटा होतो, पण असा भुगा होत नाही. आणि खोक्यात घालून माळ्यावर टाकू नका, पलंगाखाली ठेवा.

शेवभाजी_जास्त_तिखट
ढेपेसारखा म्हणताय तर म्हशीपुढे टाकून बघायचा होता

जिभाऊ धुळेकर
काय भो, मन्हा बापनी आख्खी जिंदगी टायरना चपलामा काढी. लळिंगना किल्ला बी त्याच चपलावर चढे. आते पोरगं म्हने बाबा, मले घोट्याले आधार पाहिजे.

रावेरची लेक
माझं थोडं लांबेल. कुकर लावलाय, शिट्ट्या मोजत लिहिते.

चैत्रात वणीला पायी गेलो होतो, धुळ्याहून, बायकांचा जथा. मी बूट घेतले सकाळी दहा वाजता, दुकान उघडल्या उघडल्या, गर्दी नको म्हणून. दुकानात अगदी मापात बसले. मालेगाव सोडलं तोवर दोन्ही अंगठे पुढे टेकायला लागले. डांबर खालून भाजतंय, आत पाय सुजलेला, वर सुती मोजे घामानं ओले. तिसऱ्या दिवशी कळवणच्या अलीकडे एका झाडाखाली मोजा काढला तर टाचेची कातडी मोज्यालाच चिकटून आली. आमच्यातल्या एक मावशी, वय पासष्टच्या पुढे, दरवर्षी येतात, त्यांनी बघितलं आणि नुसतं विचारलं, "सकाळी घेतलेस ना गं?"

तेव्हा कळलं. पाय दिवसभरात फुगतो. बूट घ्यायला संध्याकाळी जायचं, दिवसभर उभं राहून झाल्यावर. जे मोजे घालणार तेच नेऊन घालायचे. पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा सुटली पाहिजे. आणि मोजे सुती नकोत. सूत घाम धरून ठेवतं, ओली कातडी घासली की फोड आलाच. टाच गरम वाटायला लागली की तिथेच बसून चिकटपट्टी लावायची, पुढच्या मुक्कामाला बघू म्हणायचं नाही.

दुसरा जोड पुरुषांच्या विभागातून घेतला. बायकांचे पुढून निमुळते करतात, का ते देवाला ठाऊक, आमची बोटं काय जुळलेली असतात? दुकानातला मुलगा म्हणाला, "ताई, हे जेंट्सचे आहेत." म्हटलं पाय माझे आहेत.

शिट्टी झाली. आले.

सुनंदा_भुसावळ
रावेरची लेक, तुमचा जथा कधी निघतो? पौर्णिमेच्या किती दिवस आधी? माझ्या जाऊबाईंना यायचंय

रावेरची लेक
ताई, खासगी निरोपात बोलू. पण आतापासून चालायची सवय करायला सांगा त्यांना, रोज संध्याकाळी, त्याच बुटांवर.

कुसळ
पालला आणि यावल अभयारण्यात पक्षी बघायला जातो. पहिल्यांदा महागडे वॉटरप्रूफ घेतले. सुकी नावाची नदी ओलांडताना पाणी वरून आत शिरलं. पाणी आत येऊ न देणारा बूट पाणी बाहेरही जाऊ देत नाही एवढी साधी अक्कल नव्हती. दिवसभर दोन पायांत दोन बादल्या घेऊन फिरलो. आपल्या उन्हात तर कोरड्या दिवशीही आतून पाय उकडतो.
मग जाळीचे घेतले. तासा-दोन तासांत वाळतात. पण दिवाळीच्या सुमारास गवत वाळलं की कुसळं जाळीतून आत, मोज्यातून थेट कातडीत. एकेक उपटत बसायचं, तोवर पक्षी उडालेला.
आता पावसाळ्यात जाळीचे आणि दिवाळीनंतर कापडी-कातडी मिश्र. दोन जोड लागतातच, सर. एका जोडात भागवायचंच असेल तर वॉटरप्रूफवर पैसे घालू नका एवढं खात्रीनं सांगतो. खाली मात्र जाड सोल हवा, बाभळीचा काटा पातळ सोल आरपार करतो.

कपाशी_आणि_कर्ज
सगळे डोंगराचं बोलून राहिले, आमच्या काळ्या मातीचं कोणी बोलेना. खाली खोल दाते असलेले बूट घालून पावसानंतर शेतात या एकदा. दहाव्या पावलाला एकेक बूट दोन किलोचा. बांधावर बसून काडीनं गारा काढायचा, परत दहा पावलं. मुरमावर ते दाते कामाचे, काळीत उपयोग शून्य. दाते एकमेकांपासून लांब लांब असलेले घ्या म्हणजे गारा आपोआप गळतो. आणि खरं सांगू, शेतात गमबूट नाहीतर सरळ अनवाणी. केळीच्या बागेत तर चांगले बूट नेऊच नका, चिकाचा डाग काळा पडला की जन्मात निघत नाही.

पाईपवाला
केळीच्या चिकाला रॉकेल चोळून बघा, आमच्या आजी कपड्यांना लावायच्या

कपाशी_आणि_कर्ज
रॉकेल आता मिळतं कुठं भाऊ

तिसरी_पाळी
कंपनीतून सेफ्टी शूज फुकट मिळतात. मी म्हटलं मजबूत आहेत, ट्रेकला चालतील, उगाच खर्च कशाला. कन्हेरगडावर गेलो. चढताना ठीक, नुसते जड. शृंगार चावडीची लेणी बघून उतरायला लागलो तेव्हा प्रत्येक पायरीला बोटं पुढच्या लोखंडी टोपीवर आपटायची. घरी येऊन बघतो तर दोन नखं जांभळी, पंधरा दिवसांत काळी, नंतर गळून पडली. बायकोनं ती खिडकीत ठेवली होती, म्हणे आठवण.
एका मित्रानं नंतर लेस बांधायला शिकवली. वरच्या शेवटच्या दोन भोकांत लेस त्याच बाजूला ओवून छोटा फास करायचा, मग समोरची लेस त्या फासातून काढून घट्ट ओढायची. टाच मागे बसते, उतारावर पाय पुढे सरकत नाही. चाळिशीत बूट बांधायला शिकलो.

शेवभाजी_जास्त_तिखट
कन्हेरगडाहून उतरलात तर चाळीसगावला जेवलात कुठे? मुद्द्याचं कोणी सांगत नाही

तिसरी_पाळी
डबा होता. कळण्याची भाकरी, ठेचा आणि भरीत. नखाचं दुःख अर्ध्या तासासाठी विसरलो.

शेवभाजी_जास्त_तिखट
भरीत हिरव्या मिरचीचं ना? लाल तिखट घातलं असेल तर चर्चा इथेच थांबवू

सातपुड्याचा जावई
सासर शहाद्याचं. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत मेहुण्यांनी अस्तंब्याच्या यात्रेला नेलं. जावई पुण्याचा, दाखवायचं होतं म्हणून नवेकोरे बूट, दुकानातून थेट डोंगरावर. रात्रीची चढण, पुढेमागे शेकडो माणसं, कुणाच्या पायात स्लीपर, कुणाच्या काहीच नाही. अश्वत्थामा कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागत फिरतो म्हणतात तिकडे. त्या रात्री टाचेला लावायला तेल मी मागत होतो. एका भिल्ल आजोबांनी बाटलीतलं ओतून दिलं, वर बूट हातात घेऊन वजन बघितलं आणि मेहुण्याला त्यांच्या भाषेत काहीतरी सांगितलं. मेहुणा आजपर्यंत त्याचं भाषांतर करत नाही.
नवे बूट आधी महिनाभर घरात, बाजारात, ऑफिसात घालून पाय आणि कातडं यांची ओळख होऊ द्यायची. एवढंच शिकलो.

जिभाऊ धुळेकर
जावईबापू, भाषांतर मी करू का

चाळीसगावकर
सोलचं निघालं म्हणून. पितळखोऱ्याकडे जाताना माझा उजवा सोल पुढून सुटला, चपलेसारखा फटफट. बॅगेत सुतळी होती, तिनं बांधून पूर्ण चाललो. परत आल्यावर स्टँडबाहेरच्या मोचीकाकांकडे नुसता चिकटवायला दिला. त्यांनी वास घेतला, हो, सोलचा वास घेतला, आणि म्हणाले सोल्युशन उन्हानं परत सोडेल, कडेनं शिवून देतो. मेण लावलेला दोरा, आरी, जवळजवळ तासभर काम. डाव्या सोलला काही झालेलं नव्हतं, तोही शिवला, कारण "याच्याच बरोबरचा आहे, कधी ना कधी जाणार." पाच वर्षं झाली, अजून घालतो. शिवणीतून पाणी येतं थोडं, येऊ दे.
आणि ओले झाले तर उन्हात किंवा चुलीपुढे वाळवू नका. कातडं तडकतं. आत रद्दी कोंबून सावलीत ठेवायचे, रद्दी ओली झाली की बदलायची.

मधुकर नाना
वय ७३. गुडघे गेले. बूट कोणतेही असोत, काठी घ्या. बाकी चालू द्या, वाचतोय.

सुनंदा_भुसावळ
नाना, गुडघ्याला कोणतं तेल लावता?

अमळनेरकर
सगळ्यांचे आभार, एवढं येईल वाटलं नव्हतं. आजचा वृत्तान्त देतो.

शाळा सुटल्यावर, म्हणजे पाय सुजलेले असताना (ताई, लक्षात ठेवलं), दुकानात गेलो. घोट्याखालचे, रबरी सोलचे, ईव्हीए थर असलेले घेतले, नेहमीपेक्षा एक नंबर मोठे. दुकानात जिना होता, त्यावरून दोनदा उतरून बघितलं, मालक वैतागला. वॉटरप्रूफ घेतले नाहीत. काळ्या मातीसाठी वेगळं काही घेत नाही, कपाशीवाले म्हणतात तसं अनवाणी.

आणि जुने टाकले नाहीत. मोचीकडे नेले. त्यांनी उरलेला भुगा सुरीनं खरवडून काढला, कातडं दोन्ही हातांनी वाकवून बघितलं, म्हणाले वरचं झकास आहे. टायरचा तळ लावून देतो म्हणाले, मंगळवारी या. जिभाऊ, तुमच्या वडिलांसारखे होणार आता.

घरी सांगितलं तर सौ. म्हणाली, "आणून परत माळ्यावर ठेवणार असाल तर मंगळवारी मीच जाते."

जिभाऊ धुळेकर
सर, टायर ट्रकना सांगजात, मोटारसायकलना नको