पांढरीचं टेकाड आणि श्लीमानचा खंदक: खोली मोजूनही काळ का चुकतो?

गिरणाकाठ (चाळीसगाव)
राम राम मंडळी. होमर या ग्रीक कवीच्या महाकाव्यातल्या ट्रॉय नगरीबद्दल वाचताना एक गोष्ट अडली. ती शोधायला खणणाऱ्या जर्मन श्लीमानला १८७३ साली जो खजिना मिळाला, तो ट्रोजन युद्धाच्या मानल्या गेलेल्या काळापेक्षा हजाराहून जास्त वर्षं जुना निघाला. खणताना खोली मोजली असेल, तर एवढी चूक होते कशी? दुसरं असं की आपल्याकडे गिरणा-तापीकाठी पांढरीची (जुन्या वस्त्यांच्या राखट मातीची) एवढी टेकाडं आहेत, मग त्याच काळात इंग्रजांनी ती का खणली नाहीत? आणि नदीने कापलेली टेकाडाची कड नुसती पाहून काही कळतं का?

ओळंबा
भाऊ, खोली मोजली होती, पण खोली म्हणजे थर नव्हे. होमरचं ट्रॉय तळाशीच असणार हे श्लीमानने आधीच धरून ठेवलं होतं. म्हणून तुर्कस्तानातल्या हिसार्लिकच्या टेकाडात, जिथे ट्रॉय होतं, त्याने उत्तर-दक्षिण मोठा खंदक काढला आणि वाटेत आलेल्या भिंती फोडून टाकल्या. खजिना लागला तो ज्याला आज तळापासून दुसरी वस्ती म्हणतात तिथे. पुढे १८९३-९४ मध्ये त्याचा सहकारी डोर्पफेल्डने एकावर एक नऊ वस्त्या वेगळ्या केल्या, तेव्हा सहाव्या वस्तीची (तिलाच तो होमरचं ट्रॉय मानत होता) भक्कम तटबंदी टेकाडाच्या कडेने निघाली. मधोमध ती मिळणारच नव्हती, कारण नंतरच्या लोकांनी अथेनाच्या देवळासाठी माथा तासून सपाट केला होता. म्हणजे मध्यभागी वरून खाली मोजत गेलं, तर मधली काही शतकं गायबच!

आपल्याकडचं उदाहरण घ्या. कुणीतरी धान्यासाठी दोन मीटर खोल पेव खणलं, पुढे ते बुजलं. त्याच्या तळाशी पडलेलं नाणं आणि शेजारच्या न हललेल्या मातीतलं खापर एकाच खोलीवर असतात, पण वयात शेकडो वर्षांचं अंतर. घुशींची बिळं हाच घोळ करतात. आपल्या काळ्या मातीचं आणखी एक दुखणं आहे. उन्हाळ्यात तिला खोल भेगा पडतात, त्यात वरचे मणी, खापरांचे तुकडे पडतात आणि पावसात माती फुगून भेग मिटते. खणणारा म्हणतो, मणी तळाचा. शिवाय थर क्वचितच आडवे असतात, टेकाडाच्या उतारासोबत तेही कलतात.

काळी-पांढरी
इंग्रजांनी का खणली नाहीत, याचं उत्तर त्यांना काय हवं होतं यात आहे. पश्चिम भारताचं पुरातत्त्व सर्वेक्षण १८७४ पासून जेम्स बर्जेसकडे होतं, आणि त्याचा भर लेणी-मंदिरांची मापं, नकाशे आणि शिलालेख यांवर. आपल्या भागातून पुढे आलं तेही तसलंच. चाळीसगावजवळच्या पाटणचा शके ११२८ चा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने काढलेल्या मठाला दिलेल्या दानाचा तो लेख. दगडावर अक्षर असलं की काळ आपोआप कळतो. पांढरीत काय, राख आणि खापरं!

स्तूप खणत, कारण तिथे नेम धरता येतो. पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजींनी १८८२ मध्ये मुंबईजवळच्या सोपाऱ्याला स्तूपाच्या मधोमध खाली जाऊन दगडी पेटी गाठली. आत एकात एक ठेवलेले करंडक, भोवती आठ ब्राँझच्या मूर्ती आणि सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचं चांदीचं नाणं. मध्य अचूक काढला की काम फत्ते. गावाच्या टेकाडाला असा मध्य नसतो.

खापराला किंमत नसली की काय होतं, ते हडप्प्यात दिसतं. तिथल्या विटा लाहोर-मुलतान रेल्वेच्या भरावात गेल्या. पुरातत्त्व सर्वेक्षणाचा प्रमुख कनिंगहॅमने १८७२-७३ मध्ये खणलं, एक मुद्रा छापलीसुद्धा, पण ती बाहेरून आलेली समजला. आपल्या पांढरीचंही काही वेगळं नाही. राख, शेण, हाडं यांमुळे ती खतासारखी, म्हणून गाड्या भरभरून शेतात गेली, उरलेली धाब्याच्या घरांवर.

तापीचं पाणी (शहादा)
कापलेल्या कडेबद्दल मी सांगतो, कारण खापरं हेच घड्याळ हा धडा तिथूनच मिळाला. पॅलेस्टाइनच्या तेल अल-हेसी टेकाडाची एक बाजू ओढ्याने कापली होती. इंग्रज पुरातत्त्वज्ञ पेट्रीने १८९० मध्ये त्या उघड्या कडेतली खापरं थराथराने पाहून क्रम लावला. बरेच थर त्याने उंचीवरून आडवे धरले, ती त्याची चूक.

कड पाहायची तर सकाळच्या तिरप्या उन्हात, किंवा पाऊस पडून गेल्यावर, कारण ओल्या मातीत रंग उठून दिसतात. खालून सुरुवात करा. एकसारखी, खापराशिवायची काळी माती लागली तर ती वस्तीच्या आधीची. तिच्यावर राखेचे करडे पट्टे, चोपलेल्या जमिनीच्या पातळ कडक रेघा. बारीक, स्वच्छ गाळाचा पट्टा बहुधा पुराचा. रेघ मध्येच तुटून वाटीसारखी खाली वळली आणि आतली माती भुसभुशीत असली, तर ते पेव किंवा उकिरड्याचा खड्डा. त्यातलं खापर थराच्या हिशोबात धरायचं नाही. दरड ताजी असली तर अगदी खाली उभं राहू नका.

चित्र काढायचं तर मापं घ्यावी लागतात. पाणसळ लावून सुतळी आडवी ताणा, दर २० सेंटिमीटरवर टेपने वर-खाली अंतर घ्या आणि ते १:२० प्रमाणात आलेखाच्या कागदावर उतरवा. रेघा जोडताना आधी खड्ड्यांच्या कडा काढा, मग थर. उलटं केलं की खड्डा थरात मिसळून जातो.

आणि खान्देश कायमचा राहून गेला असं नाही. तापीकाठचं प्रकाशे गाव १९५५ च्या सुमारास खणलं गेलं, तुमच्याच तालुक्यातलं बहाळ १९५६-५७ मध्ये. दोन्हीकडे तळाला ताम्रपाषाणयुगीन वस्ती निघाली.

गिरणाकाठ
आते समजनं, दादा. पावसाने खाली पडलेली खापरं उचलली तर चालेल का? आणि नाणं दिसलं तर?

ओळंबा
खापर जागेवरच राहू द्या. शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा, कुठल्या पट्ट्याखाली पडलं ते लिहा. संरक्षित जागा असेल तर कड खरवडणंसुद्धा गुन्हा. नाण्यांसाठी १८७८ चा निखात निधी कायदा अजून आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. चिंच लावून घासू मात्र नका. हिरवा थर गेला की कडेची अक्षरंही जातात.