ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर दुकाने पदपथालगत असावीत की वाहनतळामागे?

धागाकर्ती: कासारवडवलीच्या बाजूला घोडबंदर रस्त्यालगतच्या अनेक संकुलांत दुकानांपुढे गाड्या उभ्या असतात आणि प्रत्येक संकुलाचे फाटक वेगळे असते. प्रत्येक फाटकापाशी पदपथ तुटत असल्याने बसमधून उतरलेल्या वृद्धाला औषध आणायलाही वळणाऱ्या गाड्यांमधून वाट काढावी लागते, हे मला अजिबात मान्य नाही. दुकाने पदपथाला लागून असावीत, त्यांच्यापुढे पावसात चालता येईल असा सलग व्हरांडा असावा आणि वाहनतळ मागे, शेजारच्या भूखंडांना जोडून, एकाच फाटकाचा असावा.

नळसाहित्य विक्रेता: मी असहमत आहे. राम मारुती रस्त्यावर गिऱ्हाईक ठाणे स्थानकातून चालत येते. इकडे ते दुचाकीवर किंवा टेम्पो घेऊन येते. गाडी मागे लावायची म्हटली की मागे दुसरे दार आले आणि त्या दारावर लक्ष ठेवायला आणखी एक माणूस आला, ज्याचा पगार लहान दुकानाला परवडत नाही. शिवाय रुंद पदपथ मोकळा राहत नाही, तिथे फेरीवाले बसतात.

धागाकर्ती: वडाळा ते कासारवडवली मेट्रो ४ मुळे इकडेही स्थानकातून चालत येणारे गिऱ्हाईक वाढणार आहे. फेरीवाल्यांना २०१४ च्या कायद्यानुसार आखून दिलेली जागा मिळायला हवी. भारतीय रस्ते काँग्रेस या रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या संस्थेने सांगितलेली किमान १.८ मीटर मोकळी रुंदी सोडून पुढे त्यांची पट्टी आखता येते, आणि भाजी बसथांब्याजवळ मिळणे ही माझ्या मते सोयच आहे.

वास्तुविशारद: सलग पदपथाला माझा पाठिंबा आहे, पण जोडलेला वाहनतळ कागदावरच राहील अशी मला भीती वाटते. जमिनीचे अभिहस्तांतरण झाले, म्हणजे ती विकासकाकडून सोसायटीच्या नावावर झाली, की प्रत्येक सोसायटी सुरक्षेसाठी आपली हद्द बंद करते. म्हणून सामायिक वाटेचा हक्क अभिन्यास (भूखंडाच्या मांडणीचा आराखडा) मंजूर होतानाच नोंदवून अभिहस्तांतरणाच्या दस्तातही यायला हवा, आणि अग्निशमन गाडीसाठीची मोकळी जागा त्या वाहनतळात धरता कामा नये.

नळसाहित्य विक्रेता: दस्तात हक्क आला तरी त्या वाटेच्या दिव्यांचा आणि डागडुजीचा खर्च कोणी किती उचलायचा, हेही तिथेच लिहिले पाहिजे. त्यासोबत माल चढवण्या-उतरवण्यासाठी दर्शनी बाजूला सकाळच्या ठरावीक वेळेपुरती जागा राखणार असाल, तर माझा विरोध सौम्य होईल. तोपर्यंत तो कायम आहे.