मदत हवी आहे: डाइंगच्या बंद कारखान्याची जमीन, माती साफ करण्याचा खर्च आणि 'टीआयएफ'

बँकवाला_इंदूर:

मंडळी, विषय रुक्ष आहे, पण मुदत जवळ आली आहे. आमच्या रहिवासी संघाला इंदूर नगर निगमाकडे लेखी सूचना द्यायच्या आहेत. ज्या बैठकीला मी गेलो नाही तिथे मसुद्याचं काम सर्वानुमते माझ्या गळ्यात पडलं. मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस. आकडे कळतात, माती कळत नाही.

प्रकरण असं. मालवा मिल-परदेशीपुऱ्याच्या पट्ट्यात, आमच्या कॉलनीला लागून, डाइंग-प्रिंटिंगचा एक जुना कारखाना होता. नाव मुद्दाम देत नाही. गिरण्या बसल्या तशी त्यांच्या आधारानं चालणारी ही छोटी युनिटंही बसली. जागा साधारण ५ एकर. बॉयलर भंगारात गेला, शेडचे सिमेंटचे पत्रे फुटून पडलेत, मागे रंगाच्या पाण्याचे दोन हौद आहेत आणि त्यांत काळानिळा गाळ वाळून बसला आहे. पावसाळ्यानंतर कोपऱ्यावरच्या बोअरिंगला पिवळट पाणी येतं. आत एरंडाशिवाय काही उगवत नाही असं आमच्या सौ.चं निरीक्षण आहे. एरंड कुठेही उगवतो, तेव्हा हा पुरावा धरू नये.

आता नव्या मालकाला तिथे ४०० फ्लॅट आणि खाली दुकानं करायची आहेत. माती साफ करायचा खर्च त्यानं १२ कोटी धरला आहे आणि तो 'टीआयएफ'मधून व्हावा असं त्याचं म्हणणं आहे. टीआयएफ म्हणजे टॅक्स इन्क्रिमेंट फायनान्सिंग. आमच्या सेक्रेटरींचा भाचा अटलांटात असतो. त्यानं तिथल्या अटलांटिक स्टेशनचं प्रेझेंटेशन पाठवलं: जुन्या पोलाद कारखान्याची १३८ एकर दूषित जमीन, तिथे आता दुकानं, घरं, कचेऱ्या, २००५ पासून सगळं सुरू. पार्षदांनाही (नगरसेवकांनाही) कल्पना आवडली आहे.

मला समजलं ते इतकंच: आज त्या जागेचा कर जेवढा येतो तो आकडा गोठवायचा. पुढची वीसेक वर्षं त्यावर जो वाढीव कर येईल तो निगमाच्या तिजोरीत न जाता वेगळ्या खात्यात जाईल आणि त्यातून साफसफाईचं कर्ज फिटेल. नवा कर नाही, कुणाच्या खिशाला चाट नाही. बँकेत इतकी वर्षं काढल्यामुळे 'कुणाच्या खिशाला चाट नाही' हे वाक्य ऐकलं की मी तारण कुठलं ते विचारतो. फ्लॅट विकलेच गेले नाहीत तर हप्ता कोण भरणार? भारतात हे कुणी करू शकतं का, कायदा आहे का? आणि ज्यानं घाण केली त्याचं नाव या सगळ्या कागदांत कुठेच कसं नाही?

जाणकारांनी लिहावं. तात्त्विक चर्चा नंतर करू, आधी मसुदा.

---

शेव_ज्यादा:

काका, एवढं घाबरू नका. देवगुराडियाच्या ट्रेंचिंग ग्राउंडवर (निगमाच्या कचरा डेपोवर) १३ लाख टन जुना कचरा होता, निगमानं तो चाळून काढून १०० एकर जमीन मोकळी केलीच ना? ५ एकर म्हणजे काहीच नाही.

---

बोअरलॉग:

शेव_ज्यादा, ते काम खरंच चांगलं झालं, पण ही तुलना इथे लागू पडत नाही. तिथला कचरा घरगुती होता. ट्रॉमेलमधून (फिरत्या गोल चाळणीतून) चाळला, माती वेगळी, प्लास्टिक वेगळं, झालं. डाइंगच्या जागेत जे मुरलेलं असतं ते चाळणीत सापडत नाही.

बँकवालासाहेब, मी वडोदऱ्यात पर्यावरण सल्लागाराचं काम करतो, दूषित जागांचं सर्वेक्षण हाच धंदा आहे. तुमच्या वर्णनावरून मी या गोष्टी शोधेन: हौदातल्या गाळात आणि त्याखाली क्रोमियम, विशेषतः षट्संयुजी (त्याचं जास्त विषारी आणि पाण्याबरोबर सहज पसरणारं रूप), अ‍ॅझो रंगांपासून (कापडाच्या कृत्रिम रंगांचा एक गट) सुटणारी घातक अ‍ॅरोमॅटिक अमाइन्स, बॉयलरच्या फर्नेस ऑइलची टाकी जमिनीत असेल तर तिची गळती, ट्रान्सफॉर्मर जुना असेल तर त्याच्या तेलातलं पीसीबी हे विषारी रसायन, आणि ते फुटके पत्रे, कारण जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असतो. पत्र्यांवरून पोरं उड्या मारत असतील तर आधी ती थांबवा.

माळव्याची काळी माती उन्हाळ्यात फुटते आणि खाली बेसॉल्ट आहे. भेगांतून उतरलेलं पाणी खडकाच्या फटी धरून कुठल्या दिशेला जाईल हे वरून सांगता येत नाही. पिवळट पाणी येणारी बोअरिंग जागेच्या उताराच्या वरच्या बाजूलाही असू शकते. म्हणून माझा पहिला प्रश्न: १२ कोटी आले कुठून? मातीचे नमुने घ्यायला आतापर्यंत किती बोअर मारले?

---

बँकवाला_इंदूर:

एकही नाही. 'प्रति एकर अनुभवाधारित अंदाज' असं लिहिलं आहे.

---

बोअरलॉग:

मग तो आकडा कागदावरून खोडा. खर्च दोनवरही येईल, तीसवरही जाईल. वर पोडियम पार्किंग असेल तर काही भाग जागेवरच सीलबंद करता येतो, मुलांची बाग असेल तिथली माती बदलावी लागते. काही वेळा रसायन सोडून षट्संयुजी क्रोमियमचं त्रिसंयुजी करतात, ते कमी विषारी असतं आणि फारसं हलत नाही. आणि सगळं खणून ट्रकनं न्यायचं ठरलं तर घातक कचऱ्याची अधिकृत जागा इंदूरजवळचं पिथमपूर. भोपाळच्या युनियन कार्बाइडचा ३३७ टन कचरा २०२५च्या जानेवारीत तिथे आला तेव्हा लोक कसे रस्त्यावर उतरले ते इंदूरकरांना सांगायला नको. तुमचा गाळ ट्रकमध्ये चढला की तो पिथमपूरकरांचा प्रश्न होतो, एवढं मसुद्यात ध्यानात असू द्या.

दुसरं, घाण करणाऱ्याबद्दल. केंद्रानं जुलै २०२५ मध्ये दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले आहेत. जिल्हा प्रशासनानं संशयित जागांची यादी दर सहा महिन्यांनी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाला द्यायची, मंडळानं ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, दूषण सिद्ध झालं की जबाबदार माणूस शोधायचा आणि खर्च त्याच्याकडून घ्यायचा. तो सापडला नाही किंवा त्याची ऐपत नसली तर केंद्र आणि राज्य. निगमाच्या कचरा डेपोला हे नियम लागू नाहीत, तुमच्या जागेला लागू होऊ शकतात. 'प्रदूषण करणाऱ्यानं भरावं' हे सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये राजस्थानच्या बिछडी प्रकरणातच सांगितलं होतं. नव्या मालकानं जमीन स्वस्तात घेतली असेल तर ती स्वस्त का मिळाली हेही विचारा. दूषणाची सूट त्यानं खरेदीत एकदा घेतली, आता तीच निगमाकडून परत मागतोय.

---

ग्रेट_लेक्स:

इथे मिशिगनमध्ये शहराच्या नियोजन खात्यात आहे, म्हणून चार शब्द. भाच्यानं पाठवलेलं खोटं नाही, अर्धं आहे.

टीआयएफ १९५२ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झाला आणि हळूहळू जवळजवळ सगळ्या राज्यांत पोचला. मुदत लांब असते, इलिनॉयमध्ये २३ वर्षं. दूषित जमिनीला तो का शोभतो? १९८०च्या सुपरफंड कायद्यानं (विषारी जागांच्या सफाईचा इथला केंद्रीय कायदा) नव्या मालकावरही सफाईची जबाबदारी येऊ शकते, त्यामुळे अशा जागा कुणी घेईना. त्यांची किंमत आणि कर तळाला गेले. तळाचा आकडा गोठवला की वाढ मोठी दिसते.

पण एक अट असते: या मदतीशिवाय इथे काही उभंच राहणार नाही, हे दाखवावं लागतं. भांडण सगळं तिथेच. शिकागोत शंभराहून जास्त टीआयएफ क्षेत्रं आहेत, त्यांतली काही अशा भागांत की जिथे बिल्डर रांग लावून उभे राहिले असते. इथे शाळा स्थानिक मालमत्ता करावर चालतात, त्यामुळे कर गोठला की शाळांचे पैसे अडकतात. कॅलिफोर्नियानं तर वैतागून २०१२ मध्ये आपल्या पुनर्विकास संस्थाच बरखास्त केल्या.

आमच्या राज्यात १९९६च्या कायद्यानं एक शहाणपणा केला. बहुतेक वेळा विकासक आधी स्वतःच्या पैशानं माती साफ करतो, पावत्या देतो आणि वाढीव कर जसजसा येईल तसतशी भरपाई घेतो. फ्लॅट विकले नाहीत तर नुकसान त्याचं. शहरानं आधी रोखे काढून पैसे दिले तर नुकसान शहराचं. तुमच्या प्रस्तावात आधी पैसे कोण घालणार?

---

बँकवाला_इंदूर:

निगम. रोखे काढून.

काल रात्री गणित केलं. गृहीतं माझी आहेत, हरकत असेल तर सांगा. फ्लॅट सरासरी ६० लाखांचा, संपत्तिकर वर्षाला ६,००० रुपये. स्वतः राहणाऱ्याला आपल्याकडे करात निम्मी सूट असते, तेव्हा हाही जास्तच धरला असेन. ४०० फ्लॅटचे वर्षाला २४ लाख. बांधकामाला ४ वर्षं, पुढे २० वर्षं कर. व्याज ८.२५ टक्के. आजच्या किमतीत हे सगळं भरतं जेमतेम १.७ कोटी. दुकानांचे धरून दोन-सव्वादोन करा. मागताहेत १२.

मग भाच्याला विचारलं, तुझ्या घराला कर किती? तो म्हणाला किमतीच्या साधारण १ टक्का. म्हणजे ६० लाखांवर ६०,००० झाले, आपल्या दसपट. त्या दरानं तेच गणित १७ कोटींच्या जवळ जातं. अटलांटात गाडी कशी चालते ते कळलं.

८.२५ टक्के मी हवेतून घेतलेले नाहीत. निगमानं फेब्रुवारी २०२३ मध्ये जलूदच्या ६० मेगावॅट सौर प्रकल्पासाठी २४४ कोटींचे हरित रोखे काढले तो हाच दर. पण नर्मदेचं पाणी इंदूरपर्यंत चढवायचं वीजबिल हा ठरलेला खर्च आहे, सौर विजेमुळे तो वाचणार म्हणजे वाचणार. इथे तारण आहे अजून न बांधलेल्या फ्लॅटचा अजून न आलेला कर. मी शाखेत असतो तर असला प्रस्ताव वर पाठवलाच नसता.

---

जमाखर्च:

बँकवालासाहेबांच्या गणितात एक भर. मी नाशिकला पालिकेच्या लेखा विभागात होतो. गोठवलेल्या काळात त्या ४०० घरांना पाणी, ड्रेनेज, रस्ता, दिवे आणि कचऱ्याची गाडी द्यावी लागेलच. तो खर्च उरलेल्या शहराच्या घरपट्टीतून जाईल. तेव्हा तुमच्या त्या खिशाला चाट लागते ती इथे.

कायद्याबद्दल: केंद्राच्या शहरी विकास मंत्रालयानं फेब्रुवारी २०१७ मध्ये मूल्यवसुलीचं (सरकारी कामांमुळे जमिनीची किंमत वाढते, तिच्यातला वाटा वसूल करण्याचं) जे धोरण काढलं त्यात टीआयएफचं नाव आहे. पण धोरणात नाव असणं आणि निगमाच्या अधिनियमात अधिकार असणं यांत बरंच अंतर. कराचा एक भाग वीस वर्षं बांधून ठेवायचा तर परिषदेचा ठराव पुरेल की राज्याची मंजुरी लागेल, हे लेखी मागा.

आपल्याकडे जमिनीची वाढ घरपट्टीत दिसतच नाही. ती दिसते जमिनीच्या भावात, जादा एफएआरच्या (प्लॉटवर किती बांधकाम करता येतं त्या प्रमाणाच्या) किमतीत, रजिस्ट्रीत. म्हणून हात तिथे घालायचा. गुजरातच्या १९७६च्या कायद्यात नगररचना योजनेतल्या वाढीव किमतीच्या निम्म्यापर्यंत रक्कम मालकाकडून घेता येते. आणि लांब कशाला, हुकुमचंद मिलचंच घ्या. डिसेंबर १९९१ मध्ये मिल बंद पडली, कामगारांची देणी तीन दशकं अडकली, शेवटी २५ डिसेंबर २०२३ रोजी २२४ कोटींचा धनादेश निघाला. तो कुणाच्या भावी करातून निघाला नाही, त्या ४२.५ एकरांच्या जोरावर गृहनिर्माण मंडळानं पैसे भरले. जुनं देणं जमिनीनं फेडलं. तिथे कामगारांची देणी होती, तुमच्याकडे मातीचं देणं आहे, एवढाच फरक.

---

शेव_ज्यादा:

+१. पण बिल्डर म्हणाला, मग मी जागा तशीच सोडून देतो, तर? हौद तिथेच राहणार.

---

जमाखर्च:

म्हणू द्या. मालवा मिलजवळ ५ एकर कोण सोडतो?

तरी तुमचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. खरोखर आडबाजूची, कुणालाच नको असलेली जागा असेल तर सरकारी पैसा लागतोच. या जागेला तसं म्हणणं मला जड जातं.

---

बँकवाला_इंदूर:

सगळ्यांचे आभार. मसुदा साधारण असा केला आहे: टीआयएफला आमचा सरसकट विरोध नाही, पण मातीचा अहवाल येईपर्यंत कुठल्याही रकमेवर चर्चा नको. जिल्हा प्रशासनानं ही जागा संशयित म्हणून राज्य मंडळाला कळवावी, जुना मालक कोण आणि त्याची ऐपत काय याचा शोध आधी घ्यावा. सफाईचे पैसे नव्या मालकानं एस्क्रो खात्यात (अट पुरी होईपर्यंत तिसऱ्याच्या ताब्यातल्या खात्यात) ठेवावेत आणि सफाईचा दाखला मिळेपर्यंत नक्शा पास होऊ नये. वाढीव करातून काही द्यायचंच तर काम झाल्यावर, पावत्या पाहून, ठराविक मर्यादेत. निगमानं रोखे काढू नयेत. पार्षद थोडे नाराज झाले, पण गणिताचा कागद मागून घेऊन गेले.

आता शेवटचं, बोअरलॉग यांना. आमच्या तीन बोअरिंगचं पाणी तपासून घ्यावं असंही टाकतोय. त्यात काय लिहू, म्हणजे नुसती औपचारिकता होणार नाही?

---

बोअरलॉग:

नमुने दोनदा घ्यावेत, पावसाळ्याआधी आणि नंतर. प्रयोगशाळा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेची, आणि मान्यता नेमक्या याच चाचण्यांसाठी आहे का ते तिच्या यादीत पाहा. नमुना घेताना तुमचा माणूस हजर, त्याच वेळी दुसरी बाटली सीलबंद करून तुमच्याकडे. बोअरिंग आधी थोडा वेळ चालवून मग नमुना, नाहीतर पाइपातलं साचलेलं पाणी तपासलं जातं. आणि 'क्रोमियम' एवढंच लिहू नका, एकूण आणि षट्संयुजी असे दोन वेगळे आकडे मागा. षट्संयुजीचा साधा नमुना बर्फात ठेवून २४ तासांत तपासावा लागतो, तेव्हा कुरिअरनं बाहेरगावी पाठवतो म्हणणाऱ्याला सरळ नाही म्हणा.