'फायर ऑडिट'ला काय म्हणायचं? पाहणी, तपासणी, चाचणी की लेखापरीक्षण?

अनुस्वार

एका रसायनांच्या कारखान्यासाठी सुरक्षेचा तक्ता मराठीत करून देते आहे. शिफ्टमधल्या माणसाने पॅड हातात घेऊन फिरायचं आणि खुणा करायच्या, असा ४७ ओळींचा कागद. ड्रम, टाक्या, गळती, हायड्रंट, अलार्म. दोन दिवसांचं काम म्हणून घेतलं आणि रकान्यांच्या मथळ्यांतच अडकले. मूळ कागदात तीन वेगळे रकाने आहेत: इन्स्पेक्शन, टेस्ट, ऑडिट. आधी कुणीतरी केलेल्या मराठी प्रतीत तिन्ही ठिकाणी 'तपासणी' ठोकून दिलंय. शिवाय स्प्रिंकलरला 'तुषार सिंचन संच' केलंय. म्हणजे आग लागली की आधी अनुदानासाठी कृषी खात्यात अर्ज करायचा.

पेपरात 'अग्निसुरक्षा लेखापरीक्षण' सर्रास येतं. ते वाचलं की आगीचा जमाखर्च मांडलाय असं वाटतं. पाहणी, तपासणी, निरीक्षण, चाचणी, पडताळणी, परीक्षण एवढे शब्द घरात असताना नेमका कुठला कुठे वापरायचा? आणि ज्वलनशील नि ज्वालाग्राही यांत काही फरक करता का तुम्ही?

कोशकिडा

ऑडिटच्या मुळाशी लॅटिनमधलं 'ऐकणे' आहे. पूर्वी हिशेब मोठ्याने वाचून दाखवत आणि जाणता माणूस ऐकता ऐकता चूक पकडे. त्यामुळे 'लेखापरीक्षण' हिशेबापुरतं चोख बसतं. पुढे इमारतींचं स्ट्रक्चरल ऑडिट आलं, तेही 'संरचनात्मक लेखापरीक्षण' झालं. ९ जानेवारी २०२१ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात शिशूंच्या कक्षाला आग लागून दहा बाळं गेली. त्यानंतर राज्यभरातल्या रुग्णालयांच्या फायर ऑडिटचे आदेश निघाले, आणि तेव्हाच्या बातम्यांमधून 'लेखापरीक्षण' हा शब्द आगीला आणखीच घट्ट चिकटला. माझ्या मते 'लेखा' काढून टाका, नुसतं 'परीक्षण' पुरे. शेतकरी 'माती परीक्षण' म्हणतोच की, त्याला कुणी मातीचा हिशेब समजत नाही.

'निरीक्षण' मात्र टाळा. निरीक्षक हे पद म्हणून पक्कं झालंय, पोलीस निरीक्षकापासून कारखाने निरीक्षकापर्यंत. पण निरीक्षण म्हटलं की पक्षीनिरीक्षण आठवतं. त्यात दुर्बीण घेऊन लांब उभं राहायचं असतं. ड्रमच्या बाबतीत जवळ जाऊन बुडाशी वाकावं लागतं.

जॉकीपंप

ताई, अठरा वर्षं फायरच्या लाइनीत आहे, बसवणं आणि मेंटेनन्स दोन्ही. भाषेतलं मला फार कळत नाही, पण या तीन शब्दांत जीव जाण्याइतका फरक आहे, म्हणून लिहितो.

पाहणी म्हणजे बघून येणं. मंत्री करतात ती, पीक बुडाल्यावर तलाठी करतो ती. तपासणी म्हणजे हातात यादी आणि एकेका वस्तूसमोर उभं राहून यादीशी ताडणं: सिलिंडरचा काटा हिरव्यात आहे का, पिनेला सील आहे का, होज, म्हणजे नळी, जागेवर आहे का. चाचणी म्हणजे चालवणं. पाणी सोडायचं, धूर द्यायचा, पंप सुरू करायचा.

एक प्रसंग सांगतो, ठिकाण सांगत नाही. सात मजली इमारत, खाली गोदामं, वर ऑफिसं. पंपरूम झकपक, लाइनीला लाल रंग नुकताच दिलेला, गेजवर सात किलो प्रेशर. जुलैचा बी फॉर्म भरून तयार. आपल्याकडे २००६च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार जानेवारीत आणि जुलैत मालकाने तो द्यायचा असतो, यंत्रणा चालू स्थितीत आहे म्हणून. मी म्हटलं, गच्चीवरचा व्हॉल्व्ह उघडून बघू. साहेब म्हणाले, कशाला, गेज दिसतंय ना. तरी गेलो वर. चाक हलेना. रंगाने चाक आणि स्पिंडल एकजीव झालेलं. पाना लावून दोघांनी जोर केला तेव्हा फिरलं. आधी फुस्स करून हवा आली, मग चहाच्या दोन कपांएवढं गंजाचं पाणी, आणि संपलं. खाली पंप ढिम्म. गेजखालचा कॉक बंद करून नट सोडला, गेज काढून हातात घेतलं, तरी काटा सातावरच! कधीपासून अडकलेला होता देव जाणे. त्या इमारतीची पाहणी झाली होती, तपासणीही झाली होती. दोन्हीत कुणी खोटं बोललेलं नव्हतं. काटा सातावर होताच.

खरं तर गच्चीवर पाणी सोडलं की प्रेशर पडतं, आधी जॉकी पंप, म्हणजे लाइनीतलं प्रेशर धरून ठेवणारा छोटा पंप, लागायला हवा, तो पुरा पडला नाही की मेन पंप, आणि लाइट गेलेली असेल तर डिझेलचा. हे तीन आवाज कानाने ऐकायचे. कोशकिडा काका म्हणतात ते 'ऐकणे' हेच असेल तर मग ऑडिट शब्द वाईट नाही.

संत्रानगर

ज्वलनशील आणि ज्वालाग्राही यांबद्दल लिहितो. पेट्रोलियम आणि स्फोटकांवर देखरेख ठेवणाऱ्या 'पेसो'चं मुख्यालय आमच्या नागपुरात आहे. १८९८मध्ये सुरू झालेलं हे खातं. आमच्याकडे त्या ऑफिसच्या कामाने येणारी-जाणारी माणसं बरीच, त्यामुळे हे कानावर पडत आलंय.

इंग्रजीत दोन पायऱ्या असतात: लगेच पेट घेणारं आणि तापवल्यावर पेटणारं. बोलीत आपण दोन्हींना ज्वलनशील म्हणतो. एका टँकरवर 'अति ज्वलनशील' वाचलंय, दुसऱ्यावर 'अति ज्वालाग्राही', माल दोघांत तोच. पण शब्द फोडून बघा. ज्वलनशील म्हणजे जळण्याचा स्वभाव असलेलं, त्यात लाकूडही आलं. ज्वालाग्राही म्हणजे ज्वाळा झडप घालून घेणारं. लाकडाला काडी लावून बसावं लागतं, पेट्रोलची वाफ काडीची वाटही बघत नाही.

नियमात हा फरक फ्लॅश पॉइंटवर ठरतो, म्हणजे किती तापमानाला त्या द्रवाची पेट घेण्याइतकी वाफ सुटते त्यावर. २३ अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर अ वर्ग, त्यात पेट्रोल. २३ ते ६५च्या आत ब वर्ग, रॉकेल आणि डिझेल. ६५ ते ९३च्या आत क वर्ग. पेट्रोलचा तर शून्याच्या खाली चाळीसच्या आसपास आहे. म्हणजे नागपूरच्या मे महिन्यात सोडाच, महाबळेश्वरच्या जानेवारीतही ते तयारच बसलेलं असतं. तेव्हा अ वर्गाला ज्वालाग्राही, बाकीच्यांना ज्वलनशील, एवढा नेम पाळलात तरी तक्त्याचं काम होईल. फ्लॅश पॉइंटला मराठी शब्द शोधू नका, गोदामात सगळे फ्लॅश पॉइंटच म्हणतात.

इंग्रजांची गंमत आपल्यापेक्षा मोठी आहे. त्यांच्या 'इन्फ्लेमेबल'मधला 'इन' लोकांना नकारार्थी वाटायचा, म्हणजे न जळणारं! शेवटी पाट्यांवरून तो काढावा लागला. आपल्या ज्वालाग्राहीत तसली भानगड नाही.

शेवंता

पाट्यांवरून आठवलं. आमच्या कंपनीत पाटी होती: 'धोका'. नुसती तेवढीच, खाली कवटी. नवा मुलगा बिहारचा, त्याने विचारलं, दीदी, इथे कुणी कुणाला धोका दिला? हिंदीत धोका म्हणजे फसवणूक, त्यांना हवा 'खतरा'. तेव्हापासून दोन्ही लिहितो.

अनुस्वारताई, तुमच्या कागदात हॅझर्ड आणि रिस्क असे दोन शब्द नक्की येतील. तिथे तरी दोन्हींना धोका करू नका. हॅझर्ड म्हणजे त्या वस्तूच्या अंगातला घातकपणा, तो ड्रम बंद असतानाही असतो. रिस्कला 'जोखीम' छान बसतं. आमची आजी प्रवासाला निघताना 'जोखीम अंगावर ठेवू नका' म्हणायची, म्हणजे दागिने. जोखीम म्हणजे सांभाळायला घेतलेली चीज. अॅसिडचा घातकपणा आपल्याला कमी करता येत नाही, जोखीम येते.

आणि 'इनकम्पॅटिबल केमिकल्स'ला मागच्या माणसाने काय केलंय?

अनुस्वार

'विसंगत रसायने'. वाचून मला एकांकिकेचं नाव वाटलं.

शेवंता

आमच्या सेफ्टी ऑफिसरने भिंतीवर लिहिलं होतं: 'यांचा छत्तीसचा आकडा आहे, शेजारी ठेवू नका', आणि खाली जोड्या. पहिलीच जोडी अॅसिड आणि हायपो. हायपो म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. दोन्ही एकत्र सांडली की क्लोरीन सुटतो. ही पाटी कुणाला समजावून सांगावी लागली नाही. घरी संडास धुताना अॅसिडवर ब्लीचिंग पावडर टाकतात, तिथेही हेच होतं.

दुसरं, टाक्यांभोवतीच्या डाईकला 'बांध' म्हणा. मागे कुणी 'दुय्यम प्रतिबंधक संरचना' लिहिलेलं पाहिलं, डोकं धरलं. बांध म्हटलं की गावाकडून आलेल्या माणसाला कळतं की आतलं बाहेर जाऊ द्यायचं नाही. सगळ्यांत मोठी टाकी फुटली तर तिच्यातला माल त्यात मावला पाहिजे. तक्त्यात एक ओळ मात्र हवीच: बांधाचा ड्रेन व्हॉल्व्ह बंद आहे का? पावसाळ्यात आत पाणी साचतं, ते जावं म्हणून उघडतात आणि दिवाळीपर्यंत तसाच राहतो. मग बांध असून नसल्यासारखा.

बंबखाना

वडील फायर ब्रिगेडमध्ये होते, बालपण क्वार्टर्समध्ये गेलं. थोडं विषयांतर करतो.

ब्रिगेडच्या मराठीत आगीची बातमी 'येत' नाही, 'वर्दी' येते. हिंदीत वर्दी म्हणजे गणवेश. आमच्याकडे वर्दी आली की अंगात वर्दी चढवायची, असा वडिलांचा ठेवणीतला विनोद होता. बंब पोर्तुगीज 'बोंबा'वरून आला, त्याचा अर्थ पंप. त्यांच्याकडे आग विझवणारे आजही 'बोंबेइरो'. पाणी तापवायचा तांब्याचा बंबही त्याच घरचा असावा, तसं मला वाटतं. पुण्यात फायरमनच्या वरच्या पदाला 'तांडेल' म्हणतात, हा शब्द थेट कोकणातल्या होडीवरून आलेला. आणि भरतीच्या जाहिरातीत फायरमन-रेस्क्युअरला 'अग्निशामक विमोचक' म्हणतात. विमोचन म्हणजे सोडवणूक, शब्द बरोबर आहे, पण मला दर वेळी हातात शाल आणि पुस्तक घेतलेला माणूस दिसतो.

शमन आणि शामक यांत गोंधळ करू नका: अग्निशमन हे काम, अग्निशामक ते करणारा किंवा करणारं. म्हणून दल अग्निशमनाचं, भिंतीवरचं यंत्र अग्निशामक. 'विझवणे' हे क्रियापद मात्र तक्त्यात खुशाल वापरा. दिवा आपण मालवतो, शांत करतो, त्याला 'विझला' म्हणायला जीभ कचरते. आगीला असला मान द्यायची गरज नाही.

आणि घातक मालाच्या यादीला कुणी कारकुनी काम समजू नये. १४ एप्रिल १९४४ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकीन जहाजाला आग लागली, त्यात कापसाच्या गाठी आणि दारूगोळा एकाच जहाजात होता. दोन स्फोट झाले. मुंबई फायर ब्रिगेडची ६६ माणसं गेली. भायखळ्याच्या मुख्यालयात त्यांचं स्मारक आहे, दर १४ एप्रिलला वडील आम्हाला घेऊन जायचे. छत्तीसचा आकडा हा शब्द मी त्यांच्या तोंडून याच जहाजाबद्दल ऐकलाय.

जॉकीपंप

काका, नमस्कार. पिवळट-केशरी पाटी असते टँकरच्या मागे, त्याबद्दल कुणी लिहिलं नाही. पेट्रोलच्या टँकरवर '३ वाय ई' आणि खाली १२०३. ३ म्हणजे फेस वापरा, पाण्याचा झोत नको, पेट्रोल त्यावर तरंगत पुढे जाईल. शेवटचा ई म्हणजे आजूबाजूची वस्ती हलवायचा विचार करा. १२०३ हा पेट्रोलचा जगभरचा नंबर. क्लोरीनचा १०१७, बर्फाच्या कारखान्यात असतो त्या अमोनियाचा १००५. घाटात टँकर उलटला की ड्रायव्हर बोलण्याच्या स्थितीत असेलच असं नाही, ही पाटीच बोलते. ताई, तक्त्यात पदार्थाच्या नावाशेजारी हा नंबर राहू द्या, भाषांतर करायच्या नादात काढू नका.

स्प्रिंकलरला स्प्रिंकलर. त्यात लाल काचेचा बल्ब असेल तर ६८ अंशांना फुटतो, आणि जिथे ताप पोचला तिथलाच फुटतो. सिनेमात सगळे एकदम उडतात तसं होत नाही. लोक भिजायच्या भीतीने त्यावर प्लास्टिकची पिशवी बांधतात. 'पिशवी बांधलेली नाही ना?' अशी ओळच घाला.

अनुस्वार

सगळ्यांचे आभार. काल कारखान्यात जाऊन तिथल्या दोन ऑपरेटरांसमोर कच्चा कागद ठेवला. 'परीक्षण' वाचून एक म्हणाला, "परीक्षा कुणाची, आमची?" तो मथळा तिथेच गेला. वार्षिक रकान्याला शेवटी 'ऑडिट'च ठेवलं, ते त्यांना ठाऊक आहे. उरलेल्या दोन रकान्यांना 'तपासणी' आणि 'चाचणी' केलं होतं. दुसऱ्याने पेन घेऊन चाचणीच्या खाली बारीक अक्षरात लिहिलं, 'चालवून पाहिलं'. तसंच छापायला देते आहे.

'इमर्जन्सी एक्झिट'चं मागच्या प्रतीत 'आपत्कालीन निर्गमन द्वार' होतं. ते वाचून दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मग एसटीत लहानपणापासून वाचलेलं आठवलं: 'संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग'. पाटीवर लांब होतं, पण दोघांना पाठ होतं.

शेवटचा प्रश्न जॉकीपंप दादांना: गच्चीवरच्या टाकीतून खाली येणाऱ्या लाइनीला, डाऊनकमरला, काही म्हणता का तुम्ही?

जॉकीपंप

डाऊनकमरच. नवीन पोरं 'कमर' म्हणतात, त्यावरून साइटवर जे व्हायचं ते होतं. पण तसं छापू नका.