ब्राझीलमधील पराना राज्य : कॉफीच्या मळ्यांपासून कोंबडी, माल्ट आणि मोटारींपर्यंत कसे पोहोचले?

प्रश्न : सोयापेंड

ब्राझीलच्या सोयाबीनविषयी आपल्याकडे जे काही लिहिले जाते ते बहुधा मातो ग्रोसो राज्याविषयी असते, म्हणजे हजारो हेक्टरांचे मळे, मोजके मालक आणि बंदराकडे जाणारा कच्चा माल. दक्षिणेकडील पराना राज्याची माहिती चाळताना मात्र निराळे चित्र समोर आले. हे राज्य क्षेत्रफळाने देशाच्या अडीच टक्क्यांहूनही कमी आहे. तरीही ब्राझीलमधील कोंबडीच्या मांसाचा सुमारे एकतृतीयांश भाग तेथे तयार होतो, तिलापिया माशांच्या उत्पादनात ते पहिले आहे, दुधात मिनास जेराइसच्या पाठोपाठ आहे आणि सोयाबीन व मका यांत कायम आघाडीच्या राज्यांत असते. त्याच राज्याच्या राजधानीभोवती, म्हणजे कुरितिबाच्या परिसरात, रेनो, फोक्सवॅगन आणि व्होल्वो यांचे कारखाने आहेत.

माझे प्रश्न दोन आहेत. अर्धशतकापूर्वी कॉफीवर जगणारे हे राज्य इतक्या वेगाने कसे बदलले? आणि तेथील सहकारी संस्था धान्य गोळा करून विकण्यावर न थांबता कारखानदारीत कशा उतरल्या? मी एका शेतकरी उत्पादक कंपनीचे काम पाहतो. आमच्याकडे सोयाबीनची खरेदी, चाळणी आणि विक्री यापुढे गाडी सरकत नाही, म्हणून दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तराची मला अधिक गरज आहे.

उत्तर १ : तांबडी माती

पहिल्या प्रश्नाचे रूढ उत्तर एका तारखेत दिले जाते. १८ जुलै १९७५ रोजी उत्तर परानात 'काळा हिमदव' पडला. कोरडे थंड वारे वाहत असताना झाडातील रसच गोठतो आणि पाने-फांद्या जळाल्यासारख्या काळ्या पडतात, म्हणून हे नाव. त्या वर्षीची तोडणी बऱ्याच अंशी आटोपली होती, पण पुढच्या हंगामात, ब्राझीलमधील कॉफीचे सर्वांत मोठे कोठार असलेल्या या राज्यात, जवळजवळ काहीच पिकले नाही. जगभर कॉफीचे भाव भडकले ते त्यामुळेच.

परंतु सारे श्रेय किंवा दोष त्या एका रात्रीला देणे मला पटत नाही. अतिरिक्त कॉफीमुळे भाव कोसळतात म्हणून केंद्र सरकारने १९६० च्या दशकातच झाडे उपटण्यासाठी पैसे देण्यास सुरुवात केली होती. स्वस्त कर्जावर ट्रॅक्टर मिळत होते. हिवाळ्यात गहू आणि उन्हाळ्यात सोयाबीन अशी जोडी बसू लागली होती. कॉफीची नवी लागवड फळाला यायला तीन-चार वर्षे लागतात, तर सोयाबीन चार महिन्यांत पैसा देते. हिमदवाने पोळलेल्या शेतकऱ्याने काय निवडले असेल हे सांगायला नको. केंद्रीय कृषी संशोधन संस्थेचे सोयाबीन केंद्रही त्याच १९७५ साली लोंद्रिना येथे स्थापन झाले.

जमिनीच्या वाटणीचा इतिहासही येथे लक्षात घ्यावा लागतो. उत्तर परानातील लोंद्रिना, मारिंगा ही शहरे मुळात इंग्रज भांडवलावर उभ्या राहिलेल्या एका जमीनविक्री कंपनीने वसवली. त्या कंपनीने जंगल तोडून रेल्वे आणली आणि जमिनीचे लहान तुकडे पाडून ते हप्त्यांवर विकले. पश्चिम परानात रिओ ग्रांदे दो सुल आणि सांता कातारिना या दक्षिणेकडील राज्यांतून जर्मन व इटालियन वंशाची कुटुंबे आली आणि त्यांनीही लहान जमिनी घेतल्या. मातो ग्रोसोपेक्षा पराना वेगळे का, याचे बरेचसे उत्तर या दोन वसाहतींत आहे.

आणखी एक गोष्ट. सतत नांगरलेली ही तांबडी माती वळवासारख्या पावसात वाहून जाऊ लागली, तेव्हा रोलांदिया येथील हर्बर्ट बार्ट्झ या शेतकऱ्याने १९७२ मध्ये नांगरट सोडून आधीच्या पिकाच्या काडीकचऱ्यातच पेरणी केली. शेजाऱ्यांनी त्याला वेड्यात काढले असे सांगतात. आज ब्राझीलमधील धान्यशेतीचा मोठा भाग विनानांगरटीच्या याच पद्धतीने होतो. सोयाबीन काढता काढता मागोमाग मका पेरण्याचे दुबार पीक तिच्यामुळेच सोपे झाले, आणि कोंबडीला लागणारा मका त्या दुसऱ्या पिकातून येतो.

उत्तर २ : गोदामपाल

दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. येथे मला थोडे सविस्तर लिहावे लागेल.

परानातील सर्वांत मोठी सहकारी संस्था कोआमो. ती १९७० मध्ये कांपो मौराव येथे ७९ शेतकऱ्यांनी स्थापन केली आणि आज तिचे सभासद ३० हजारांहून अधिक आहेत. त्या भागाची जमीन तेव्हा आम्लधर्मी होती. गवत, नेचे आणि पाने कातरणाऱ्या मुंग्या यांपलीकडे तिथे काही होत नाही अशी तिची ख्याती होती. विस्तार अधिकारी म्हणून आलेल्या जुझे आरोल्दो गालासिनी या कृषितज्ज्ञाने चुना टाकून जमीन सुधारण्याचा, गहू पिकवण्याचा आणि तो एकत्र साठवून विकण्याचा आग्रह धरला. म्हणजे संस्थेचा पाया गोदामाआधी मातीच्या सल्ल्यावर घातला गेला. आजही मोठ्या संस्थांकडे कृषितज्ज्ञांची फौज असते. तेच पेरणीचा आराखडा करतात, संस्था बियाणे व खते उधारीवर देते आणि धान्य आले की हिशेब मिटतो. यामुळे माल येणार किती, कधी आणि कोणत्या प्रतीचा, हे कारखान्याला पेरणीच्या वेळीच ठाऊक असते. आपल्या उत्पादक कंपन्यांची गाडी बहुधा इथेच अडते, कारण चार पैसे जास्त मिळाले की सभासद माल बाहेर घालतो आणि यंत्रे रिकामी राहतात.

कोंबडीकडे वळण्यामागे साधे गणित होते. पश्चिम परानातील वीस-तीस हेक्टरांच्या कुटुंबाला केवळ सोयाबीनवर पुढची पिढी शेतीत ठेवता येत नव्हती. जमीन वाढवणे शक्य नव्हते, म्हणून त्याच जमिनीवरचे धान्य अधिक किमतीच्या वस्तूत बदलणे भाग होते. काफेलांदिया येथील कोपाकोल या संस्थेने १९८० च्या दशकाच्या आरंभी कत्तलखाना सुरू केला. पुढे पालोतिनाची सी. वाले, मेदियानेराची लार आणि इतर संस्था त्याच वाटेने गेल्या. पद्धत आपल्याकडील करार पोल्ट्रीसारखीच दिसते: संस्था एक दिवसाची पिल्ले, खाद्य, औषधे आणि पशुवैद्य पुरवते, शेतकरी शेड, वीज आणि मेहनत घालतो, बॅच उचलल्यावर एफसीआर (एक किलो वजनवाढीसाठी किती खाद्य लागले ते प्रमाण), मरतूक आणि वजन पाहून पैसे मिळतात. फरक मालकीत आहे. खाद्यकारखान्याचा आणि कत्तलखान्याचा नफा शेवटी सभासदांच्याच संस्थेत राहतो.

त्यापुढची पायरी म्हणजे संस्थांनी एकत्र येऊन उभारलेले कारखाने. ग्वारापुआवाजवळ दुसऱ्या महायुद्धानंतर आलेल्या जर्मन भाषिक निर्वासितांनी १९५१ मध्ये स्थापन केलेली आग्रारिया ही संस्था बार्लीपासून बिअरसाठी माल्ट तयार करते. कास्त्रो आणि कारांबेई येथील डच वसाहतींच्या संस्था दुधात अग्रेसर आहेत. या दोन्ही परंपरांसह एकूण सहा संस्थांनी मिळून पोंता ग्रोसा येथे नवा माल्ट कारखाना उभारला. एवढे भांडवल एकट्या संस्थेला पेलले नसते.

सोयापेंड (प्रश्नकर्ता)

आभारी आहे. नफा संस्थेत राहतो, हे नेमके कसे ठरते? आपल्याकडे लाभांश वाटपावरूनच सर्वसाधारण सभा गाजतात.

गोदामपाल

ब्राझीलच्या १९७१ च्या सहकार कायद्यानुसार वर्षअखेरच्या वाढाव्यातील (खर्च वजा जाता उरलेल्या रकमेतील) किमान १० टक्के राखीव निधीत आणि ५ टक्के तांत्रिक, शैक्षणिक व सामाजिक साहाय्याच्या निधीत टाकावेच लागतात. उरलेल्याचे काय करायचे ते सभा ठरवते, आणि वाटप झालेच तर ते भागांच्या प्रमाणात होत नाही, सभासदाने वर्षभरात संस्थेशी किती व्यवहार केला त्या प्रमाणात होते. जो माल बाहेर घालतो त्याचा वाटा आपोआप कमी होतो. मताचा अधिकार मात्र प्रत्येकाला एकच. अनेक संस्थांच्या सभा दरवर्षी वाढाव्याचा मोठा भाग कारखान्यांतच गुंतवण्यास संमती देतात. ही शिस्त कायद्याने आलेली नाही, सवयीने आली आहे.

उत्तर ३ : बांधावरचा

वरील दोन्ही उत्तरे माहितीपूर्ण आहेत, पण त्यांत राहिलेल्यांचीच कथा आहे. कॉफीला वर्षभर माणसे लागत. सोयाबीनला ट्रॅक्टर आणि हार्वेस्टर लागतात. १९७० ते १९८० या दहा वर्षांत परानाची ग्रामीण लोकसंख्या सुमारे १२ लाखांनी घटली. वाटेकरी, मजूर आणि लहान मालक कुरितिबा व साओ पावलोच्या वस्त्यांत गेले, ॲमेझॉन खोऱ्यातील रोंदोनियाच्या जंगलात गेले, सीमा ओलांडून पाराग्वेत गेले. त्यातच इताइपू धरणाचे पाणी १९८२ मध्ये चढले आणि सीमेवरील सुपीक शेते आणि ग्वाइरा येथील प्रसिद्ध धबधबे बुडाले. ब्राझीलमधील भूमिहीनांची सर्वांत मोठी चळवळ जानेवारी १९८४ मध्ये याच राज्यातील कास्कावेल येथे औपचारिकपणे स्थापन झाली, हा योगायोग नव्हता.

शिवाय 'लहान शेतकरी' या शब्दाने आपण फसू नये. परानातील बहुतांश शेते ५० हेक्टरांहून लहान आहेत हे खरे, परंतु तेथे २५ हेक्टर म्हणजे बेताची जमीन, आणि महाराष्ट्रातील सरासरी धारणक्षेत्र २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार अवघे १.३४ हेक्टर आहे. तिकडच्या सभासदाला वातानुकूलित कोंबडीशेडसाठी बँक कर्ज देते, कारण गहाण ठेवायला जमीन पुरेशी असते.

कच्चा माल निर्यात होत नाही, अशी समजूतही करून घेऊ नये. १९९६ च्या कांदीर कायद्याने कच्च्या शेतमालाच्या निर्यातीवरील राज्यांचा विक्रीकर माफ झाला आणि सोयाबीन गाळून पाठवण्यापेक्षा तसेच पाठवणे सोयीचे ठरले. परानाग्वा बंदरातून आजही चीनकडे प्रचंड सोयाबीन जाते. प्रक्रिया टिकली ती मुख्यतः तिथल्या तिथे पेंड खाणाऱ्या कोंबड्या आणि डुकरे असल्यामुळे.

उत्तर ४ : रूळमार्ग

उद्योगांविषयी थोडक्यात. कुरितिबाची कारखानदारी ही काही अंशी शेतीचीच शाखा आहे: न्यू हॉलंडचे ट्रॅक्टर व हार्वेस्टर १९७० च्या दशकात स्थापन झालेल्या तेथील औद्योगिक वसाहतीत बनतात आणि व्होल्वोचे ट्रकही. मोटारींची गोष्ट वेगळी. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात राज्यपाल जाइमे लेर्नर यांच्या सरकारने कर लांबणीवर टाकण्यासारख्या सवलती देऊन रेनो व फोक्सवॅगन-आउडी यांना साओ जुझे दोस पिन्याइस येथे आणले. ब्राझीलमधील राज्ये त्या काळात सवलतींच्या बाबतीत एकमेकांवर कुरघोडी करत होती. क्रायस्लरनेही जवळच कारखाना काढला आणि २००१ मध्ये तो बंद केला. सवलतीने आलेला कारखाना सवलत आणि बाजार पाहूनच राहतो. सहकारी कत्तलखाना उचलून दुसऱ्या राज्यात नेता येत नाही. माझ्या मते दोन्हींची तुलना करताना हा मुद्दा रोजगाराच्या आकड्यांहून महत्त्वाचा आहे.

वाहतूक हे राज्याचे जुने दुखणे. परानाग्वा ते कुरितिबा हा डोंगर उतरणारा लोहमार्ग १८८५ चा आहे आणि त्याची क्षमता मर्यादित आहे, म्हणून बहुतेक धान्य ट्रकने जाते. १९९७ पासून २०२१ पर्यंत खासगी कंपन्यांकडे असलेल्या महामार्गांवरील पथकराविरुद्ध सहकारी संस्थांनी वर्षानुवर्षे ओरड केली.

सोयापेंड (प्रश्नकर्ता)

बांधावरचा यांचा मुद्दा मान्य आहे. मग आज त्या कत्तलखान्यांत काम करते कोण? खेडी तर रिकामी झाली म्हणता.

बांधावरचा

स्थानिक तरुण त्या थंड, ओल्या आणि एकसुरी कामाला फारसे तयार नसतात. कास्कावेल, तोलेदो, मेदियानेरा या पट्ट्यात गेल्या दहा-बारा वर्षांत हैती आणि व्हेनेझुएलाहून आलेले लोक मोठ्या संख्येने कामाला लागले आहेत. पाराग्वेतूनही लोक येतात. अरब देशांकडे मोठी निर्यात असल्याने हलाल पद्धतीने कापणी करणारे मुस्लिम कामगारही लागतात. काही संस्था दूरच्या गावांतून रोज बसने माणसे आणतात.

गोदामपाल

मजुरांइतकीच चिंता रोगाचीही आहे. मे २०२५ मध्ये शेजारच्या नव्हे, तर एक राज्य सोडून पलीकडच्या रिओ ग्रांदे दो सुलमधील एका व्यावसायिक कोंबडीफार्मवर बर्ड फ्लू आढळला, आणि चीनने संपूर्ण ब्राझीलकडून कोंबडी घेणे थांबवले. परानातील शेडमध्ये एकही पक्षी आजारी नसताना तेथील संस्थांना माल दुसऱ्या बाजारांकडे वळवावा लागला. आपली कंपनी प्रक्रियेत उतरणार असेल, तर एकाच गिऱ्हाइकावर अवलंबून राहण्याचा हा धोका प्रकल्प अहवालात आधीच मांडून ठेवावा, असे सुचवतो.