सावळ्या कातडीवरचे इसब आणि लालीचा गुण : मोजपट्टी सर्वांना सारखी आहे का?

येरळाकाठ (तासगाव)

माझ्या नऊ वर्षांच्या भाच्याला इसब आहे. गेल्या थंडीत एका दवाखान्यात त्याचे दुखणे इसबाची तीव्रता मोजणाऱ्या ‘ईझी’ (EASI) मोजपट्टीने मोजून ‘सौम्य’ ठरवले गेले. ही मोजपट्टी लाली, सूज, ओरखडे आणि खाजवून राठ झालेली कातडी या चार लक्षणांना ० ते ३ गुण देते, प्रत्येक अवयवासाठी त्यांच्या बेरजेला रोग तिथे किती पसरला आहे याच्या गुणाने (व्यापगुण) आणि त्या अवयवाच्या ठरलेल्या भाराने गुणते, आणि सगळे मिळून ७२ पैकी एक आकडा काढते. त्याला लाली १, सूज १, ओरखडे २ व राठपणा १ असे ५ गुण हात आणि पाय या दोन्ही ठिकाणी मिळाले. दोन्हींचा व्यापगुण २ आणि भार अनुक्रमे ०.२ व ०.४ असल्याने एकूण ६ झाले. ७ पर्यंत सौम्य मानतात. लालीला १ ऐवजी २ दिले असते, तर हाच आकडा ७.२ होऊन मुलगा ‘मध्यम’ गटात गेला असता.

गुडघ्यामागच्या लवणीत त्याची कातडी लाल नव्हतीच. ती पिकत आलेल्या जांभळासारखी गडद होती, कडेला राखी झाक होती, केसांच्या मुळाशी खसखशीएवढ्या पुटकुळ्या होत्या, आणि बोट टेकवले की शेजारच्या कातडीपेक्षा ती जागा गरम लागत होती. दाह होता, पण ‘लाल’ या शब्दात तो बसत नव्हता. गोऱ्या कातडीवर लाल दिसणारा दाह सावळ्या कातडीवर जांभळट किंवा काळपट दिसतो, म्हणून लालीवर गुण देणारी मोजपट्टी आमच्या मुलांना कमी लेखते, असे माझे स्पष्ट मत आहे.

अजिंक्यतारा (सातारा)

मी त्वचारोगाचा डॉक्टर आहे आणि आपल्या निष्कर्षाशी सहमत नाही. चार लक्षणांपैकी लाली हे एकच आहे. उरलेली तीन बोटांनी चाचपता येतात आणि राठपणा तर सावळ्या कातडीवर अनेकदा अधिक ठळक असतो. गडद त्वचेत लालीचा गुण एक पायरी वाढवण्याचा विचार करावा, अशी सूचना वापराच्या मार्गदर्शनात आहेच. दोष असेल तर तो लाल रंगच शोधणाऱ्या नजरेचा आहे, मोजपट्टीचा नव्हे. प्रत्येक प्रदेशासाठी वेगळी मोजपट्टी केली, तर २००१ पासून ज्या आकड्यांवर औषधांची तुलना होत आली आहे, त्यांच्याशी आपला आकडा जुळणारच नाही.

येरळाकाठ (तासगाव)

डॉक्टरसाहेब, ती सूचनाच मुळात उणीव मान्य करते. २००२ मध्ये ब्रिटनमधील मुलांवरचा एक अभ्यास ‘ब्रिटिश जर्नल ऑफ डर्मटॉलॉजी’त आला; त्यात लालीच्या गुणाचा प्रभाव हिशेबात घेतल्यावर कृष्णवर्णीय मुलांमध्ये तीव्र इसबाची शक्यता गोऱ्या मुलांच्या सुमारे सहापट निघाली. शिवाय नवी औषधे ज्या चाचण्यांतून येतात, त्यांपैकी डुपिल्युमॅब या इसबावरच्या इंजेक्शनच्या मोठ्या चाचण्यांत प्रवेशासाठी ईझी किमान १६ लागत असे. उंबरठ्याजवळ असलेल्या रुग्णाला लालीचा एक गुणही बाहेर ठेवू शकतो.

हरिपूर संगम (सांगली)

मी शिक्षिका आहे. मला वाटते, रुग्णाने किंवा पालकांनी भरायच्या ‘पोएम’ प्रश्नावलीला पहिले स्थान द्यावे. तिचे सात प्रश्न मागच्या आठवड्यात खाज, झोपमोड, रक्त, पाणी सुटणे, भेगा, सालपटे आणि कोरडेपणा किती दिवस होता एवढेच विचारतात. कमाल गुण २८ आणि लालीचा प्रश्नच नाही. माझ्या वर्गातील एक मुलगी दुपारी बाकावर डोके ठेवून झोपते, कारण रात्रभर ती खाजवत असते, आणि त्या जागरणाला कातडीचा रंग लागत नाही.

अजिंक्यतारा (सातारा)

ताई, पोएम मीही भरून घेतो. पण तिने तपासणीची जागा घेऊ नये. दिवसभर उसाच्या फडात राबून रात्री गाढ झोपलेल्या आईला मूल किती रात्री जागले हे आठवेलच असे नाही. आणि येरळाकाठ, आपल्या मागणीतला एक धोका सांगतो. दाह शमल्यानंतरही सावळ्या कातडीवर काळे डाग महिनोन्‌महिने राहतात. काळपटपणालाच लालीचे गुण देऊ लागलो, तर बऱ्या झालेल्या जागेवर स्टिरॉइडचे मलम चालू राहील. मेडिकलमधून परस्पर आणलेल्या अशा मलमांनी पातळ झालेली कातडी मी दर आठवड्याला पाहतो.

येरळाकाठ (तासगाव)

हा धोका मला पूर्ण मान्य आहे आणि सरसकट एक गुण वाढवणे मलाही ओबडधोबड वाटते. गव्हाळ कातडी कुठे संपते आणि ‘गडद’ कुठे सुरू होते, हे ठरवणार कोण? माझे म्हणणे एवढेच, की लालीच्या रकान्यात ‘शेजारच्या निरोगी कातडीपेक्षा बदललेला रंग, उष्णता आणि उठाव’ असे लिहावे आणि ते खिडकीच्या उजेडात, हात लावून पाहावे. भाच्याच्या कोपरावरचा जुना डाग सपाट आणि थंड आहे. लवणीतला चट्टा गरम आणि उंचवट्याचा होता. रंग दोन्हींचा जवळजवळ सारखाच, पण बहिणीला तो फरक डोळे मिटूनही कळत होता.